वसईच्या वाड्यांमधून गाईडेड सायकल टूर – घरच्यांना घेऊन जावं का?

गोरेगावची_मेधा

नमस्कार मंडळी, एक सल्ला हवाय. आम्ही गोरेगावला राहतो. नवरा, मी, बारा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६३, रोज सकाळी चालतात, गुडघे ठणठणीत, पण सायकल चालवलेली ती लग्नाआधी). मुलाला वाढदिवसाला गिअरवाली सायकल घेतली आणि ती बिचारी सोसायटीच्या पार्किंगमध्येच गोल गोल फिरतेय, कारण लिंक रोडवर त्याला एकट्याला सोडायची माझी हिंमतच होत नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं की वसईला गाईडेड सायकल टूर असतात, पहाटे किल्ल्यापासून सुरू करायची आणि मग आतल्या गावांतून, केळीच्या वाड्या म्हणजे बागा, तलाव, चर्च, समुद्र असं करत करत जेवायच्या वेळेपर्यंत संपवायची, सायकल हेल्मेट नाश्ता सगळं त्यांचंच. माणशी साडेबाराशे सांगितलेत.

मी वसई म्हणजे फक्त ट्रेनच्या खिडकीतून पाहिलेली, म्हणजे खाडीचा पूल, मग मिठागरं, मग एकदम बिल्डिंगा. त्यामुळे ह्या बिल्डिंगांच्या मागे खरंच एवढी हिरवळ शिल्लक आहे का की नुसते फोटो चांगले काढलेत, हा पहिला प्रश्न. दुसरा, सासूबाईंना झेपेल का, त्यांना फार यायचंय आणि मला त्यांना घरी ठेवून जायचं नाहीये. तिसरा, गाईडला पैसे देण्याइतकं त्यात काय असतं, की आपण आपलं मॅप लावून जावं? मुलाला गाड्यांची भीती न बाळगता मनसोक्त सायकल चालवता यावी, एवढीच खरी अपेक्षा आहे. कोणी केलीय का?

एकटा_पेडलवाला

गाईडची काही गरज नाही ताई. वसईत चढ असा नाहीच, सगळं सपाट. किल्ल्यापासून निर्मळ, आगाशी, अर्नाळा, विरार स्टेशन, एकच रस्ता आहे, मॅप लावा आणि सुटा. साडेबाराशे गुणिले चार म्हणजे पाच हजार, तेवढ्यात सायकलची सर्व्हिसिंग होऊन वर चांगलं जेवण होतं. मी विरारचाच आहे, रविवारी पहाटे हा रूट नेहमी मारतो, दोन तासात आरामात होतो.

वाडीतला_माणूस

मी गिरीज-भुईगाव पट्ट्यातला, जन्म इथलाच, घरची वाडी आहे, भाऊ अजून शेती करतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, आहे. तुम्ही ट्रेनमधून बघता तो स्टेशनचा पट्टा, पूर्वेला तर विचारूच नका. पण स्टेशनवरून पश्चिमेला समुद्राच्या दिशेने गेलात की पापडी ओलांडल्यावर चित्र बदलायला लागतं. गिरीज, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, वटार, आगाशी, ही सगळी समुद्राला धरून असलेली गावं आहेत आणि इथे अजून नारळ, केळी, भाजीपाला, खाऊची पानं, मोगरा, सोनचाफा, जास्वंद हे सगळं होतं, रोज होतं, आणि रोज दादरला जातं. पूर्वीपेक्षा कमी झालंय का, तर खूप कमी झालंय. माझ्या आजोबांच्या वेळी रहाट होते, आता रहाट राहिले नाहीत आणि वाड्यांच्या मधेमधे चार मजली इमारती उभ्या राहिल्यात. तरी संपलेलं नाही.

आता पेडलवाला म्हणतायत तो रस्ता. तो रस्ता आहे, मान्य, मीही रोज वापरतो. पण त्या रस्त्यावरून बस जातात, टँकर जातात, रेतीचे डंपर जातात, रिक्षा तर मध्येच वळतात. ज्याला दोन तासात उरकायचंय त्याला चालेल. ज्या आईला आपलं पोर लिंक रोडवर पाठवायची भीती वाटते तिने त्याला ह्या रस्त्यावर आणण्यात अर्थ नाही. आणि मुख्य म्हणजे त्या रस्त्यावरून वाडी दिसतच नाही, दिसतात ती दुकानं, हॉल आणि बोर्ड.

वाडी आत असते. गावातून एक पाखाडी, म्हणजे अरुंद गल्ली, आत वळते, पुढे ती घराच्या अंगणाशी संपल्यासारखी वाटते, नवखा माणूस तिथून परत फिरतो, पण अंगणाच्या कडेने एक वाट पुढे जाते, हातभर रुंद, एका बाजूला दगडी गडगा आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा पाट. मॅपवर ही वाट नाही. असली तरी ती कुणाच्यातरी मालकीची आहे. तिथून जायचं तर त्या घरच्या माणसाने ओळखायला हवं, "कोण रे?" म्हटल्यावर "मी अमक्याचा" असं सांगणारं कुणीतरी पुढे हवं. साडेबाराशे द्यायचे ते ह्यासाठी. किल्ल्याची माहिती काय, ती कुठेही मिळते.

म्हणून माझा सल्ला असा की टूर घ्या, पण बुकिंगच्या आधी फोनवर एकच गोष्ट विचारा, तुमचा गाईड कुठल्या गावचा? गिरीज, भुईगाव, निर्मळ, सांडोर, आगाशी असं काही उत्तर आलं तर डोळे मिटून जा. "आमची टीम मुंबईची आहे, आम्ही रूट रेकी केलाय" असं उत्तर आलं तर तुम्हाला तोच डांबरी रस्ता, किल्ल्यात एक तास फोटो आणि एका रिसॉर्टवर नाश्ता मिळणार. तेवढ्यासाठी पेडलवाल्यांचा सल्ला जास्त बरोबर आहे.

चाक_आणि_चेन

वाडीतला_माणूस यांना +१. मी ठाण्याहून लांबचे राईड करतो, थोडं ग्रुप राईडचं सांगतो कारण त्यांनी वाटेचं सगळं सांगितलंच आहे.

गाईडेड म्हणजे एक माणूस पुढे आणि एक माणूस सगळ्यात मागे, हे असलंच पाहिजे. मागचा माणूस नसेल तर ती गाईडेड राईड नाहीच, कारण मागे राहणारा नेहमी लहान मुलगा नाहीतर वयस्कर माणूस असतो आणि पुढच्याला ते कळतच नाही. दहा-बारापेक्षा जास्त लोक असतील तर नको म्हणा. हातभर रुंद वाटेवर वीस सायकली म्हणजे कुणाचंच काही नीट बघून होत नाही आणि गावातल्या लोकांनाही त्रास.

सायकल त्यांची घेणार असाल तर आदल्या दिवशी चौघांची उंची कळवा. सासूबाईंसाठी खालच्या दांडीची, म्हणजे लेडीज फ्रेमची मागा, कारण इतक्या वर्षांनी सायकलवर बसताना पाय वरून टाकण्यातच माणूस पडतो, चालवताना नाही. सीट एवढीच ठेवायची की थांबल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर नीट टेकतील. आमच्यासारखे लोक सीट उंच ठेवायला सांगतात, ते तुम्ही ऐकू नका, त्यांना उतरायचा आत्मविश्वास हवाय, स्पीड नकोय. आणि टूरच्या आधी दोन-तीन सकाळी सोसायटीतच मुलाच्या सायकलवर सीट खाली करून त्यांना फिरवा. सायकल विसरत नाही माणूस, पण ब्रेक कुठला दाबायचा ते विसरतो. गिअरच्या सायकलीला पुढचा ब्रेक एकदम लागतो, म्हणून दोन्ही सारखे आणि हळू दाबायची सवय लावा.

मुलाची स्वतःची सायकल न्यायच्या भानगडीत ह्यावेळी पडू नका, फोल्डिंग नसेल तर लोकलमध्ये ती चढवताना तुमचं अर्धं अवसान तिथेच संपेल.

अजून एक, टूरवाले कधीकधी "बीच राईड" म्हणून कळंब किंवा राजोडीच्या वाळूवर उतरवतात. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, चालवायला भारी मजा येते, मुलगा खूश होईल. पण खाऱ्या पाण्यात चाक घालू देऊ नका, आणि स्वतःची सायकल असेल तर घरी आल्याआल्या गोड्या पाण्याने धुवून चेनला तेल घाला, नाहीतर आठवड्यात गंज.

गोरेगावची_मेधा

बापरे, एवढे छान प्रतिसाद, मनापासून धन्यवाद. दोन टूरवाल्यांना फोन करून विचारलं. एकाचा गाईड नालासोपाऱ्याला राहतो पण मूळचा कुठला ते सांगू शकले नाहीत. दुसऱ्याने स्वतःच फोन उचलला, म्हणाला मी निर्मळचा, आमची स्वतःची वाडी आहे, नाश्ता माझी आई बनवते, एका वेळी आठच माणसं घेतो आणि मागे माझा चुलतभाऊ असतो. पैसे शंभर रुपये जास्त. मी त्याच्याशीच बोलतेय आता.

अजून विचारायचं होतं, वाटेत बायकांसाठी टॉयलेटची सोय कशी, आणि कुठला महिना चांगला? पावसाळ्यात हिरवंगार असेल म्हणून ऑगस्ट विचार करत होते.

आगाशीवाली

मेधा, ऑगस्ट नको. हिरवं असतं हे खरं, इतकं की डोळे निवतात, पण वाडीतल्या वाटांवर शेवाळ चढतं आणि सायकल कधी निसटली कळत नाही. शिवाय सखल भागात पाणी साचतं. २०१८ च्या जुलैमध्ये तर वसईत दिवसच्या दिवस पाणी होतं, मिठागरातली माणसं अडकून पडली होती. गणपती-नवरात्र होऊ दे, पाऊस गेल्यावर महिनाभर तरी हिरवंच असतं. नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात छान, पहाटे चक्क गारवा असतो.

त्यात दोन वेळा खास आहेत. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा सुरू होते. निर्मळला तळ्याकाठी टेकाडावर शंकराचार्यांची समाधी आणि मंदिर आहे, जत्रेला लांबून लोक येतात. पण ऐन जत्रेत सायकल घेऊन जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठवड्यात जा, कारण तोच सुकेळीचा मोसम. तुमच्या मुलाने सुकेळी खाल्ली नसेल तर जरूर द्या. राजेळी जातीची केळी पूर्ण पिकवून, सोलून, उन्हात आठवडाभर सुकवतात, रोज संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी परत मांडायची, उलटीपालटी करायची, आणि मग केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून सुतळीने करकचून बांधायची. साखर नाही, काही नाही, सगळी गोडी केळ्याची. सुकताना मध असल्यासारखा चिकट थेंब वर येतो आणि त्याच्यावर मधमाश्या येतात म्हणून वरून जाळी घालावी लागते. आमच्याकडे हे काम माझ्या आत्या करायच्या, आता करणारी घरं बोटावर मोजण्याइतकी राहिलीत कारण राजेळीची लागवडच कमी झाली. म्हणून महाग वाटली तरी घासाघीस करू नका, प्लीज. ते आठवडाभराचे कष्ट असतात.

दुसरी वेळ नाताळ. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गावागावात तरुण मुलं नाताळगोठे उभारतात, घरावर तारे, रस्त्याला कमानी. पण ते बघायला संध्याकाळ हवी आणि तेव्हा गर्दी असते, म्हणजे सायकलचं काम नाही. ते वेगळं या.

टॉयलेटचं, किल्ल्यापाशी फार आशा ठेवू नका. गाईडच्या घरी नाश्ता आहे म्हणजे तिथे सोय होईलच. निघताना स्टेशनला जाऊन घ्या आणि मध्ये त्याच्या घरी. गाईड गावचाच हवा असं वर जे म्हटलंय त्यात बायकांसाठी हेही येतं बघा, त्याच्या आईकडे हक्काने विचारता येतं.

आणि एक विनंती. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना असते, लोक ठेवणीतले कपडे घालून कुटुंबासकट रस्त्याने जात असतात. तेव्हा घोळक्याने सायकली घुसवून फोटो काढत बसणारे लोक येतात ते आम्हाला नाही आवडत. चर्च बघायचं असेल तर जरूर बघा, नंदाखालचं, निर्मळचं, पापडीचं, सगळी सुंदर आहेत, पण मिस्सा सुटल्यावर, हेल्मेट काढून, शांतपणे. शनिवार जमला तर उत्तमच, दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात तो रविवारचा जम्बो ब्लॉकही चुकेल.

सुवर्णभूमीहून_राजेश

वाचून राहवलं नाही. मी कामानिमित्त बँकॉकला राहतो. इथे शहराच्या अगदी मधोमध चाओ फ्राया नदीला मोठं वळण आहे आणि त्या वळणात बांग क्राचाओ नावाचा हिरवा भाग आहे. ह्या काठाला ख्लोंग तोईची गगनचुंबी गर्दी, होडीत सायकल टाकून पाच-दहा मिनिटांत पलीकडे गेलं की नारळ, निपा पाम, दलदल आणि लाकडी घरं. तिथे गाईडेड सायकल टूर जोरात चालतात, जगभरातले लोक येतात. त्यांची खासियत म्हणजे काँक्रीटच्या अरुंद उंच वाटा, दलदलीच्या वर खांबांवर उभ्या केलेल्या, बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. गाईड सुरुवातीलाच सांगतो की इथे उतरा आणि ढकला, लाज वाटून घेऊ नका, आणि लोक ऐकतात. तुमच्या गाईडलाही सांगा की जिथे वाट अरुंद आहे तिथे सासूबाईंना आधीच आवाज दे, पाट आल्यावर नाही.

शनिवार-रविवारी तिथे बांग नाम फुएंगचा बाजार भरतो, गावातल्याच बायका घरचं विकतात, टूरवाले मुद्दाम तिथे थांबतात, म्हणजे पैसा गावात राहतो. वसईतही हे आपोआप होतंय असं दिसतंय, आईच्या हातचा नाश्ता वगैरे. बरं वाटलं.

एकटा_पेडलवाला

वाडीतल्या वाटांबद्दल वाडीतला_माणूस म्हणतात ते पटलं. इतकी वर्षं विरारला राहून मी त्या वाटा बघितलेल्या नाहीत, मलाच जावंसं वाटतंय. पण किल्ल्याला गाईड नसला तरी चालतो असं अजून म्हणतो.

जुना_वसईकर

किल्ल्यालाही लागतो हो. जवळजवळ ११० एकराचा किल्ला आहे तो, आत झाडी वाढलेली, आणि मधून किल्लाबंदर कोळीवाड्याकडे जाणारा रस्ता आहे, त्या रस्त्याने सरळ गेलं की माणूस धक्क्यावर पोचतो आणि म्हणतो बघून झाला. सेंट जोसेफच्या मनोऱ्याचा अरुंद गोल जिना, फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीवरच्या कोरीव थडग्यांच्या शिळा, गोन्सालो गार्सियाचं चर्च, नागेश्वराचं देऊळ, चिमाजी अप्पांचं स्मारक, हे सगळं वेगवेगळ्या दिशांना आहे. गोन्सालो गार्सिया हा इथलाच, वसईत जन्मलेला, १५९७ मध्ये जपानला नागासाकीत मारला गेला आणि १८६२ मध्ये संत घोषित झाला, भारतात जन्मलेला पहिला संत. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली, ह्या दोन तारखा मुलाला शाळेत मिळतील, पण तटावर उभं राहून खाडीचं तोंड दाखवत "ह्यासाठी एवढी लढाई" असं कुणी सांगितलं तर त्याला ते कायमचं कळेल. किल्ल्याच्या टोकाला पाचूबंदरला वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळत घातलेले असतात, तेही बघा, वासाला नाक मुरडू नका म्हणावं.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्यासाठी. मेधाताईंनी विचारलं, हिरवळ खरंच शिल्लक आहे का. शिल्लक आहे ती ठेवली म्हणून आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जेव्हा इथे टोलेजंग बांधकामाला मोकळीक द्यायचं घाटत होतं तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. ते लेखक होते, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, पुढे २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ च्या जुलैमध्ये गेले. त्यांच्याबरोबर मोर्चात चाललेल्यांत शेतकरी होते, बायका होत्या, ख्रिस्ती, हिंदू, सगळे. धमक्या आल्या, तरी लोक हटले नाहीत. नंतर २००९ ला महापालिका झाली तेव्हाही गावं वेगळी ठेवा म्हणून मोठं आंदोलन झालं, एकोणतीस गावांचा प्रश्न म्हणतात तो हाच. तुमचा मुलगा ज्या सावलीतून सायकल चालवेल त्या सावलीमागे हे सगळं आहे, आणि मला वाटतं गाईडने सुकेळीइतकंच हेही सांगावं.

गाईडला सांगून एक गोष्ट मुद्दाम बघा, बावखल. वाडीच्या कोपऱ्यातलं साठवणीचं तळं. उतरत्या कडा, काठाला केळीचे लोंगर म्हणजे घड पाण्यावर वाकलेले, पाण्यावर शेवाळाची हिरवी साय, तुम्ही जवळ गेलात की बेडूक टपाटप उड्या मारतात आणि ती साय फाटून खालचं काळं पाणी दिसतं, आणि बहुतेक वेळा समोरच्या फांदीवर खंड्या बसलेला असतो. पावसाचं पाणी ह्यात साठतं, मुरतं, आणि त्यामुळे समुद्र एवढा जवळ असूनही विहिरीचं पाणी गोडं राहतं. आता भराव टाकून किती बावखलं बुजवली गेली, त्यात टँकरवाल्यांनी पंप लावून जमिनीतून पाणी खेचलं, आणि मग खारं पाणी आत सरकतं. केळ आणि पानवेल खाऱ्या पाण्यावर तगत नाही. म्हणजे बावखल बुजलं की काही वर्षांनी शेजारची वाडी सुकते, मग ती विकली जाते, मग तिथे काय उभं राहतं ते तुम्ही ट्रेनमधून बघितलंच आहे. काही गावांत तरुण मुलं बावखलं पुन्हा साफ करतायत, गाळ काढतायत. तुमचा निर्मळचा गाईड त्यांच्यातलाच असेल तर त्याला जरूर बोलतं करा.

वाडीतला_माणूस

जुना_वसईकर, अगदी मनातलं लिहिलंत. आमच्या बावखलाचा गाळ भाऊ दरवर्षी मेमध्ये काढतो आणि तोच नारळाच्या आळ्यात घालतो, त्या वर्षी नारळाला वेगळं खत लागत नाही.

मेधाताई, वाडीत आल्यावर एवढं बघा की मुलाने फूल तोडायचं नाही. रानफूल वाटतं, पण मोगऱ्याची प्रत्येक कळी मोजून जाते. पहाटे डोक्याला बॅटरी लावून बायका कळ्या खुडतात, उमलायच्या आत, कारण उमललेल्याला बाजारात भाव नाही. पहिल्या गाड्यांनी टोपल्या दादरला जातात. तुम्ही साडेसहाला पोचाल तेव्हा हे काम उरकलेलं असेल, चाफा मात्र कदाचित बघायला मिळेल, आकडीने फांदी वाकवून काढतात. विचारलंत तर कुणीही हातात दोन फुलं ठेवेल, न विचारता तोडलेलं आवडत नाही. बाकी अंगणात कुत्री असतात, सायकलवरून पळ काढला की मागे लागतात, उतरून चालायला लागलं की गप्प बसतात.

गोरेगावची_मेधा

मुलाला हे सगळं वाचून दाखवलं, बेडूक आणि बॅटरीवाल्या बायका त्याला पाठ झाल्यात. सासूबाईंनी आजपासून पार्किंगमध्ये सराव सुरू केला, खालची दांडी लक्षात ठेवून गाईडला कळवलंय. त्या म्हणाल्या पूर्ण नाही झालं तर मी मध्येच थांबेन, पण येणार. नोव्हेंबरातला शनिवार ठरवतोय. आता शेवटचं, गोरेगावहून किल्ल्यापर्यंत पहाटे कसं यायचं? गाडी आणावी का? भाईंदरहून बोट सुरू झालीय असं ऐकलंय.

आगाशीवाली

गाडी नको, घोडबंदरचा वळसा आणि हायवेचं ट्रॅफिक, परतीला तर हमखास अडकाल. पहाटेची विरार लोकल घ्या, त्या वेळी उलट्या दिशेला रिकामी असते, वसई रोडला उतरून पश्चिमेला रिक्षा, किल्ला सहा-सात किलोमीटर. भाईंदर-वसई रो-रो फेब्रुवारी २०२४ पासून चालू आहे, पंधराएक मिनिटांत थेट किल्ल्याजवळच्या जेट्टीला आणते आणि पाण्यातून किल्ल्याचा तट दिसतो तो बघण्यासारखाच. पण पहाटे तिच्यावर विसंबू नका, वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. जाताना लोकल, येताना बोट असंही करता आलं असतं पण तुम्ही संपवणार अर्नाळ्याला, मग विरार स्टेशनच जवळ.

चाक_आणि_चेन

सासूबाईंचं असं करा. किल्ला ते निर्मळ आतल्या वाटांनी साधारण पंधरा किलोमीटर होईल, थांबत थांबत, मध्ये नाश्ता. तेवढं त्यांना जमेल. निर्मळनंतर नंदाखाल, आगाशी करत अर्नाळा अजून नऊ-दहा, आणि तिथून विरार आठ-नऊ. हा दुसरा भाग उन्हात येतो. गाईडला आत्ताच सांगून ठेवा की निर्मळला त्या थांबतील, त्यांची सायकल तिथेच राहील आणि त्या रिक्षाने अर्नाळ्याला येतील. त्याच्या घरीच सायकल ठेवायची असल्याने त्याला काही अडचण नाही. अर्नाळा किल्ला बेटावर आहे, होडीने जावं लागतं, तो ह्या दिवशी घालू नका, दमछाक होईल. प्रत्येकाकडे एक लिटर पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर.

गोरेगावची_मेधा

गाईडशी आत्ताच बोलणं झालं. निर्मळला थांबायचं ठरलं, पण तो म्हणाला रिक्षा कशाला, माझी आई आणि काकू त्या दिवशी सुकेळी बांधायला बसणार आहेत, आजींना त्यांच्याबरोबर बसू दे, आम्ही अर्नाळ्याहून परत आलो की त्यांना घेऊन तुम्ही नालासोपाऱ्याहून ट्रेन पकडा. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या मग मला सुतळी कशी बांधतात ते शिकता येईल. पेडलवाले, आठातल्या चार जागा अजून रिकाम्या आहेत, यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.